शांतवनदादांची यार्देनची तयारी

शेजारच्या शांतवनदादांच्या मुलीचा, रिबेकाचा, फोन आला तेव्हा मी रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. ती एरवी मेसेज करते, फोन करत नाही, म्हणून मी उठून बाहेर आले. "अनघा आंटी, कॅन यू कम? पप्पा... आणि मम्मी काहीच बोलत नाहीये. शी जस्ट होल्डिंग हिज हँड." पुढे काही विचारायची गरज नव्हती. हा फोन कधीतरी येणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, तरी तो आला तेव्हा पर्स कुठे ठेवली ते मला आठवेना. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसायला जागा होती, पण मी दाराशी उभीच राहिले. आता घाई करून काही बदलणार नव्हतं, आणि तरीही गाडी प्रत्येक स्टेशनवर उगाच रेंगाळतेय असं वाटून मला तिचा राग येत होता. तोआ पायोहला उतरून त्यांच्या घरी पोचले. दार उघडंच होतं. शांतवनदादा खिडकीपाशी त्यांच्या त्या हॉस्पिटलच्या पलंगावर होते, डोळे मिटलेले. विमलवहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चहा ठेवला होता गं. उकळी आली म्हणून गॅस बंद करायला गेले. तेवढ्यात..." नंतरच्या दिवसांत जो कुणी भेटायला आला त्याला त्यांनी हेच सांगितलं, याच शब्दांत. जणू त्या चहाला उकळी आली नसती तर काही वेगळं घडलं असतं.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले.

शांतवनदादा आमच्याच मजल्यावर राहायचे, लिफ्टच्या पलीकडच्या बाजूला. आमची ओळख लिफ्टमध्येच झाली. मी फोनवर आईशी हुज्जत घालत होते, आणि कोपऱ्यात हेल्मेट काखेत धरून उभा असलेला एक उंच, काळासावळा माणूस गालातल्या गालात हसत होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, "पुण्याच्या दिसता. आमच्या नगरकडं आईशी एवढं शुद्ध कुणी भांडत नाही." ते जुरोंग आयलंडवर एका रसायनांच्या कारखान्यात देखभालीचे इंजिनिअर होते. पहाटे कंपनीची बस यायची, गळ्यात पास अडकवून ते खाली उतरायचे आणि संध्याकाळी अंगाला तेलाचा बारीक वास घेऊन परतायचे. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीला तबल्यावर तेच असत. एका नव्या आलेल्या मुलाने त्यांचं नाव विचारलं, दोनदा विचारलं, मग जरा अवघडून म्हणाला, "म्हणजे तुम्ही...?" दादा म्हणाले, "ख्रिस्ती. पण तबला दोन्हीकडं सारखाच वाजतो रे."

त्यांचे वडील प्रवरेकाठच्या एका खेड्यात पाळक होते. चर्च म्हणजे पत्र्याची एक खोली, आणि समोर शेतमजुरांची मुलं. नकाशा नव्हता, चित्रं नव्हती. म्हणून वडील मुलांना घेऊन बाहेर पडत. नदीवर नेऊन सांगत, ही समजा यार्देन, प्रभूचा बाप्तिस्मा झाला ती. मुळा धरणाच्या भिंतीवर उभं करून सांगत, हे गालीलाचं सरोवर, इथंच वादळ शमवलं. गावामागच्या बाभळीच्या टेकडीला ते जैतुनाचा डोंगर म्हणत, आणि गावातली बिगरख्रिस्ती माणसंही पुढे तिला तसंच म्हणू लागली म्हणे. "बाबांनी आयुष्यभर तो मुलूख सांगितला," दादा म्हणायचे, "आणि मनमाडच्या पुढं काही ते गेले नाहीत. न बघता सांगितलं सगळं. आता कुणीतरी जाऊन बघायला नको का, बरोबर सांगितलं का ते?" हे ते हसत म्हणायचे. पण त्यात नुसती गंमत नव्हती हे कळायला मला वेळ लागला.

त्यांच्या चर्चने पवित्र भूमीची सहल ठरवली तेव्हा तयारीची जबाबदारी त्यांनी आपणहून अंगावर घेतली. मंडळी बहुतेक वयस्कर होती. सगळ्यांत मोठ्या मेरी आंटी, ऐंशी ओलांडलेल्या, आमच्याच ब्लॉकमध्ये खालच्या मजल्यावर राहणाऱ्या चिनी बाई. दादांचं म्हणणं असं, की तिकडे बसमधून उतरलं की चढ, उतार आणि दगडी पायऱ्याच. दम लागला की माणूस फक्त आपला गुडघा बघतो, बाकी काही बघत नाही. म्हणून दर शनिवारी सकाळी ते या सगळ्यांना आमच्या ब्लॉकच्या जिन्याने वर चढवायचे. मलाही डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, तर मलाही ओढलं. मी म्हटलं, मी कुठे सहलीला येणार आहे? "तू हिंदू आहेस म्हणून गुडघे तुला सूट देणार नाहीत," ते म्हणाले. प्रत्येक मजल्यावर थांबून ते पुढच्या जागेची गोष्ट सांगायचे, आणि ती अर्धवट तोडून म्हणायचे, उरलेली वरच्या मजल्यावर. मेरी आंटी धापा टाकत म्हणायच्या, "आय्यो, शांतवन, यू टॉक अँड टॉक, आय डाय हिअर, नो नीड जेरुसलेम लाह!" मग सगळे हसत, आणि हसत हसत चढत. चढून झालं की खाली हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणि नारळाच्या जॅमचा काया टोस्ट. तिथे पुढच्या शनिवारची शिकवणी चाले. कुठे डोकं झाकायचं, तिकडचं पाणी किती प्यायचं, चौकीवर प्रश्न विचारले तर किती बोलायचं.

वहिनींना मात्र या सहलीत रस नव्हता. त्या एका पाळणाघरात शिकवतात, स्वभावाने शांत, आणि विमानाला घाबरतात. "मला ज्याला भेटायचंय तो मला सिंकपाशी भांडी घासतानाही भेटतो," त्या म्हणत. त्यावर दादांचं उत्तर ठरलेलं असे. "अगं, भेटायचं कुठं म्हणतोय मी? मला नुसतं बघायचंय."

निघायच्या थोडं आधी तिकडे युद्ध पेटलं. विमानं बंद झाली, सहल रद्द झाली. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा हॉलमध्ये बॅगा भरून उभ्या होत्या आणि टीव्हीवर पडलेली घरं दिसत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "दादा, फार वाईट झालं हो, एवढी तयारी केली होती तुम्ही..." त्यांनी टीव्हीकडे हात केला. "त्यांची घरं गेली, अनघा. आपली फक्त सहल गेली." त्या रविवारी उपासनेत त्यांनी प्रार्थना केली ती दोन्हीकडच्या आयांसाठी, असं वहिनींनी मला नंतर सांगितलं. आणि पुढच्या शनिवारी ते पुन्हा जिन्यापाशी हजर होते. युद्ध काही जन्मभर चालत नाही, पाय तयार राहिले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं.

त्या पायांनीच आधी दगा दिला. पायरीवर त्यांचं उजवं पाऊल अडखळू लागलं. ते म्हणाले, बुटाचा सोल खराब आहे. नवे बूट आणले. पुन्हा अडखळले. मग म्हणाले, नवे आहेत, रुळायचेत अजून. एका शनिवारी मधल्याच मजल्यावर ते गोष्ट सांगताना थांबले, कठडा धरला आणि खाली बसले. मेरी आंटींनी त्यांना पाणी दिलं. सगळ्यांत आधी दमणाऱ्या बाईंनी सगळ्यांत ताकदवान माणसाला पाणी द्यावं, याचंही आम्हाला तेव्हा हसूच आलं. दादाही हसले. मग तपासण्या सुरू झाल्या. एका डॉक्टरांकडून दुसऱ्यांकडे, तिथून तिसऱ्यांकडे. शेवटी नाव कळलं. मेंदूकडून स्नायूंकडे निरोप नेणाऱ्या नसा एकेक करून मरत जाण्याचा तो आजार. आधी पाय, मग हात, मग जीभ, मग श्वास. समजत मात्र शेवटपर्यंत सगळं असतं. त्यावर औषध नाही. मला त्यांनी ते कॉरिडॉरमध्ये उभं राहून त्यांच्या कारखान्याच्या भाषेत सांगितलं. "पंप चांगलाय, व्हॉल्व्ह चांगलेत. केबल गेलीय. आणि ही केबल बदलता येत नाही." मी इंटरनेटवर रात्रंदिवस वाचत बसले, पुण्यातल्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन केले, कुणी सांगितलेल्या आयुर्वेदिक वैद्यांचा पत्ता आणला. दादा सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे. आज वाटतं, ते माझी समजूत घालत होते.

मग एकेक गोष्ट जात राहिली. आधी काठी आली, मग व्हीलचेअर. नोकरी सुटली. पहाटेची कंपनीची बस आमच्या ब्लॉकसमोर थांबायची तशीच थांबत राहिली, आणि तिचा आवाज आला की ते जागे व्हायचे, असं वहिनी सांगायच्या. तबला बंद झाला. घास गिळता येईना तेव्हा पोटात नळी बसवली. खिडकीपाशी भाड्याचा पलंग आला. बोलणं आधी जड झालं, मग फक्त वहिनींना कळेल इतकं उरलं, मग त्यांनाही कळेना. रिबेका नुकतीच नोकरीला लागली होती. तिने डोळ्यांच्या हालचालीवर चालणारी एक स्क्रीन मिळवली. दादा एकेका अक्षराकडे बघत रोमन लिपीत मराठी लिहीत आणि ते यंत्र ते इंग्रजी वळणाने वाचून दाखवी. "विमल चहा घे" हे वाक्य त्या यंत्रातून असं काही यायचं की पहिल्या दिवशी आम्ही सगळे पोट धरून हसलो. दादांचं हसू तर थांबेचना. या आजारात हसू आणि रडू दोन्ही माणसाच्या ताब्यात राहत नाहीत, हे आम्हाला नंतर कळलं.

अशात चर्चने पुन्हा सहल ठरवली. युद्धाची भीती होतीच, म्हणून या वेळी नदीच्या फक्त अलीकडच्या काठाने, जॉर्डन देशातून. यरुशलेम नाही. पण यार्देनचा, म्हणजे जॉर्डन नदीचाच, काठ होता, आणि उत्तरेला एक डोंगर, जिथून गालीलाचं सरोवर लांबून दिसतं. मंडळींनी तयारीसाठी दादांकडेच यायचं ठरवलं. जिना चढून सगळे त्यांच्या पलंगाभोवती बसत आणि दादा स्क्रीनवर एकेक सूचना लिहीत. एक वाक्य लिहायला इतका वेळ लागायचा की मेरी आंटींना मधेच डुलकी लागे. सगळ्यांचं झाल्यावर त्यांनी मला थांबवलं. बराच वेळ त्यांचे डोळे स्क्रीनवर फिरत राहिले. मग यंत्र बोललं. "विमलला पाठव."

मी वहिनींना सांगितलं. त्यांना ते आधीच माहीत होतं, त्या रोज तेच ऐकत होत्या. त्या मला बाहेर कॉरिडॉरमध्ये घेऊन गेल्या, कुंड्यांपाशी. "मी गेले आणि मागं काही झालं तर? मी स्वतःला काय सांगू? आणि नाही गेले तर हे रोज त्या डोळ्यांनी विचारणार. बोलता येत असतं तर भांडले असते गं त्यांच्याशी. आता कुणाशी भांडू? तू सांग ना, अनघा. तू शिकलेली आहेस. काय करू मी?" मी इतकी वर्षं लोकांना सल्ले देण्याचंच काम करते. त्या दिवशी मी नुसता त्यांचा हात धरून उभी राहिले. जा म्हणायची माझी छाती झाली नाही, जाऊ नका म्हणायचीही नाही. शेवटी रिबेकाच बाहेर आली आणि आईला म्हणाली, "मम्मी, गो. पप्पांना तुझे डोळे पाहिजेत. त्यांचे वर्क करतायत, बट देअर ओन्ली सीलिंग टु सी."

वहिनी गेल्या. विमानतळाकडे निघताना त्यांनी दादांच्या कपाळावर हात ठेवला आणि निघाल्या, मागे न बघता. ते दिवस रिबेका आणि मी मिळून काढले. मी ऑफिसला रजा टाकली. नळीतून खाणं घालायला शिकले, घशातला कफ ओढून काढायचं यंत्र चालवायला शिकले. दादांचा श्वास जरा अडकला की आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो. एवढा मोठा, हेल्मेट काखेत धरून लिफ्टमध्ये उभा राहणारा माणूस, आणि त्याच्या गालावर डास बसला तरी आमच्यापैकी कुणाला तो दिसेपर्यंत त्याला सहन करावं लागत होतं... रोज वहिनींचा फोन यायचा. पहिला प्रश्न, "कसे आहेत?" रिबेका म्हणायची, "ओके लाह, मम्मी, यू गो सी."

डोंगरावर जायचा दिवस आला. आम्ही सकाळपासून तयारीत होतो. दादांची दाढी केली, त्यांना निळा शर्ट घातला. रिबेकाने फोन टीव्हीला जोडला, म्हणजे मोठं दिसेल. व्हिडिओ कॉल लागला. वाऱ्याचा घूं घूं आवाज, आणि वहिनींचा चेहरा, डोक्याला ओढणी बांधलेली. त्या धापा टाकत होत्या. "आले हो मी वर. आले. थांबा, दाखवते." आणि त्यांनी फोन फिरवला.

टीव्हीवर पांढरं होतं. नुसतं पांढरं. खाली थोडा उतार, दोन झाडं, आणि मग धुरकट पांढरं काहीतरी, आभाळ कुठे सुरू होतं तेही कळू नये असं. वाळवंटाकडून धूळ आली होती. मागे गाईड इंग्रजीत काहीतरी समजावत होता, काल स्वच्छ दिसत होतं, उद्याही कदाचित दिसेल. "दिसतंय का हो?" वहिनी विचारत होत्या. "तो म्हणतो तिथंच आहे, त्या धुळीच्या मागं. मी जरा पुढं जाते... आता दिसतंय का?" फोन पुढे गेला, डावीकडे गेला, वर गेला. मेरी आंटींचा आवाज आला, "विमल, केअरफुल, केअरफुल!" वहिनी कठड्याच्या टोकाशी गेल्या होत्या. मग फोन पुन्हा त्यांच्याकडे वळला. त्या रडत होत्या. "नाही हो दिसत. एवढ्या लांब आले, आणि मला तुम्हाला दाखवता नाही आलं."

पलंगावरून आवाज आला. दादांचं सगळं अंग हलत होतं. तोंड वेडंवाकडं झालं होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. घशातून तो आवाज थांबत नव्हता. रिबेका त्यांच्यावर वाकली. "पप्पा, आर यू लाफिंग ऑर क्राइंग? पप्पा, टेल मी, विच वन?" स्क्रीनकडे डोळे वळवणं त्यांना त्या अवस्थेत शक्य नव्हतं. आम्ही दोघी त्यांना धरून राहिलो. टीव्हीवर वहिनी विचारत राहिल्या, काय होतंय, काय होतंय त्यांना. आम्हालाच कळत नव्हतं. मला ते अजूनही माहीत नाही.

वहिनी परत आल्या. बॅग तशीच दारात ठेवून त्या पलंगापाशी बसल्या आणि सांगायला लागल्या. सरोवराबद्दल नाही. ज्या बायकांनी त्यांना रस्त्यात गरम भाकऱ्यांसारख्या रोट्या दिल्या त्यांच्याबद्दल. मेरी आंटी एकही चढ न चुकवता चढल्या आणि प्रत्येक ठिकाणी थांबून दादांच्या गोष्टी दुसऱ्या ग्रुपच्या लोकांना सांगू लागल्या, त्याबद्दल. आणि नदीबद्दल. "एवढीशी आहे हो. गढूळ. आपल्याकडचा ओढा परवडला. बांबूसारखं गवत दोन्ही काठांना. पलीकडच्या काठावरची माणसं इतकी जवळ की त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, आणि मधे सैनिक. मी पाय घातला पाण्यात. गार होतं." दादांचे डोळे वहिनींच्या चेहऱ्यावरून हलले नाहीत. मग ते स्क्रीनकडे वळले. आम्ही वाट बघत बसलो. यंत्र त्याच्या त्या विचित्र उच्चारात बोललं. "बाबांनी फार मोठी सांगितली होती." वहिनी हसल्या. त्या दिवसानंतर त्या रोज त्यांना नदी सांगत. तीच. दादा रोज नव्याने ऐकत. त्यांना आणखी काही विचारायचं होतं का, माहीत नाही. पुढे डोळ्यांच्या पापण्याही जड झाल्या आणि स्क्रीन बंदच राहू लागली. आणि मग एका सकाळी चहाला उकळी आली.

अंत्यविधीआधी ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत खुर्च्या मांडल्या, गाणी झाली. आमच्या मंडळातली माणसं आली. हात जोडावेत की काय करावं, हे बऱ्याच जणांना कळत नव्हतं. कुणीतरी हार आणला होता, तो कुठे ठेवायचा हे विचारत तो हातात धरून बराच वेळ उभा राहिला. मेरी आंटींनीच तो त्याच्या हातातून घेतला आणि शवपेटीवर ठेवला. मी बोलायला उभी राहिले आणि दोन वाक्यांनंतर खाली बसले.

परवा मी वहिनींकडे गेले होते. पलंग भाड्याचा होता, तो नेला. स्क्रीनही गेली, दुसऱ्या कुणाला तरी लागणार होती. खिडकीपाशी आता काही नाही. फरशीवर पलंगाच्या चाकांचे चार वळ उमटलेत, ते पुसून जात नाहीत. रिबेका म्हणाली, तिथे सोफा सरकवू या, मम्मीला बाहेरचं दिसेल. वहिनी हो म्हणाल्या, आणि सरकवला मात्र कुणी नाही. आम्ही बोलत बसलो होतो तेवढ्यात पावसाची सर आली, वहिनी खिडकी लावायला उठल्या. हॉलमधून सरळ चार पावलं गेलं की खिडकी. त्या भिंतीच्या कडेने गेल्या, अंग चोरून, पलंगाचा कोपरा लागू नये तशा, आणि खिडकी लावून तशाच वळसा घालून परत आल्या. आपण काय केलं हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. थोड्या वेळाने खिडकीच्या पलीकडच्या खोलीचं दार वाऱ्याने आपटलं, ते बघायला मी उठले. आणि मीही भिंतीच्या कडेनेच गेले.